मूठ खरी की रचलेली

३ जुलै, गुरुवार

ही वही कावेरीची, अकरावीतली. पुढची पानं रसायनशास्त्राची आहेत, मागची कोरी. मी तिसरीपर्यंत शिकले, त्यामुळे मला मागची पुरतात.

वही धरायचं कारण म्हणजे भीती. बोलून दाखवावी असं घरात कुणी नाही. वाल्मिक, माझा मुलगा, सूत कंपनीतून येतो तोच कान बहिरे झालेला. सून शोभा ऐकते, पण ऐकलेलं तिच्या पोटात राहत नाही. आबा, म्हणजे आमचे मालक, भिंतीवर हार घालून बसलेत. नातू रोहन वापीला शिकतो. राहिली नात कावेरी. भीती तिच्यामुळेच, म्हणून तिलाही सांगता येत नाही.

कावेरीची सोयरीक इथल्याच सामरवरणीच्या कल्पेशशी ठरत आली आहे. मूळ आपल्याच खानदेशातली माणसं, शहाद्याकडची. १७ ऑगस्टला साखरपुडा. पोरगा चांगला आहे, तिच्याशी बोलताना फोन खिशात ठेवतो. पोरीनेच आणलेला, पण घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय नको म्हणते.

बोलणीच्या दिवशी त्याची आई मालतीबाई सहज विचारल्यासारखं बोलली, "तुम्हाला हा एकच मुलगा ना? मुलगी वगैरे?"

मी म्हटलं, "नाही." आणि तोंडात पोहे भरले.

८ जुलै, मंगळवार

कावेरी कंपनीत डिस्पॅचला, माल मोजून पाठवायचं काम करते आणि जेवणाच्या सुटीत फोनवर कादंबरी लिहिते. तुकड्यातुकड्याने टाकते, लोक वाचतात. गोष्ट तिची नाही, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा इंग्रज बाईची. त्यात घोडागाड्या, चिठ्ठ्या, जमीनदाराची नाचाची रात्र. आईबाप पोरींना नटवून नाचायला नेतात आणि कोपऱ्यात बसून जावई मोजतात. कावेरीने ते सगळं आमच्या सिल्वासात आणलं. नाचाच्या जागी आम्ही राहतो त्या आमलीतला गरबा, जमीनदाराच्या जागी धागा कंपनीचा मालक, घोडागाडीच्या जागी पांढरी मोटार. लेखिकेचं नाव तिने खोटं घेतलंय. घरात मला एकटीलाच माहीत, कारण ती मला वाचून दाखवते.

"आजी, कमेंट कमी येतात. तू पण लिही," म्हणाली. मला घरच्या फोनवर खातं काढून दिलं, नाव 'जुनी बाई'. फोनला बोललं की तो लिहितो. माझ्यापेक्षा त्याला काना-मात्रा बरी येते.

आज सातवा भाग वाचला. त्यात नायिकेची आत्या तरुणपणी एका सैनिकाबरोबर पळून गेलेली निघाली. कावेरीने सैनिकाचा टेम्पोवाला केलाय. घरचे तिच्या नावाने आंघोळ करून मोकळे झालेले. आणि घरातली म्हातारी दरवर्षी कानबाईच्या रोटाचे गहू घेताना एक मूठ जास्त टाकते, त्या आत्याच्या नावाने, कुणाला न सांगता.

मी भाजी निवडत होते. देठ राहिले आणि पानं फेकली.

आमच्यात श्रावणात कानबाई देवी बसते; तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांना, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, घराबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही. दिल्या घरच्या लेकीलाही नाही.

मी एक मूठ जास्त टाकते. सव्वीस वर्षं. पोरीला टेम्पो कुठून सापडला?

९ जुलै

सापडला नसेल. टेम्पो रस्त्याने शंभर जातात.

१२ जुलै, शनिवार

शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालतं तशी छाती चालते. दुपारी मीच फोन घेऊन कमेंट वाचल्या. बोट ठेवून वाचलं की जमतं.

एक लिहितो, मूळ पुस्तकातल्या पत्रांची मजा या मेसेजमध्ये नाही. खरं आहे. पत्र फाडता येतं.

एकजण म्हणतो, नायकाला घोडा नाही तर निदान बुलेट द्या.

एक बाई लिहिते, "जुनं ते जुनंच राहू द्या. मूळ कादंबरीत आत्या क्षयाने मरते, इथेही मरायला हवी. मुळाचा मान ठेवा." दुसरी तिला म्हणते, "नक्कलच करायची तर नवीन कशाला लिहायचं? मूळ आहे की कपाटात."

आणि एक शिकलेली, मोठं लिहिणारी : "सगळं छान जमलंय, पण आत्या पंचवीस वर्षांपूर्वी पळाली म्हणून आज भाचीचं लग्न मोडायला येतं, हे पटत नाही. तेव्हाच्या इंग्लंडात ठीक होतं. आज कोण विचारतं? दोनशे वर्षांपूर्वीची भीती आणून इथे चिकटवली आहे." तिला एकशे बारा जणांनी लाल बदाम दिलेत.

या बाईला लेक नसावी. नाहीतर ती लेकीची सोयरीक कधी करायला गेली नसावी.

१५ जुलै, मंगळवार

कुणीतरी ओळखलं.

'रांध्याहून एक' अशा नावाने कमेंट आलीय. "तुमच्या गोष्टीतली म्हातारी चहात मिठाचा खडा टाकते. अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे."

रांधा इथून कितीसं लांब? रिक्षेने मनात येईल तेव्हा जाता येतं. आणि येताही येतं.

मी आज चहा मिठाशिवाय प्यायले. शोभा म्हणाली, "आई, तब्येत बरी नाही का?" म्हणजे तिलाही ठाऊक आहे. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक आहे. चाळीस वर्षं टाकलेला खडा आता लपवायचा कुठे?

वाटतं, मालतीबाईनेच कुणाला तरी मागावर लावलंय. सोयरीक करण्याआधी लोक गावाकडे चौकशी करतात. ही फोनवर करत असेल.

१६ जुलै

फोनला बोलले आणि त्याने लिहिलं : "आत्याला मारून टाका. क्षयाने, तापाने, कशानेही. मेलेल्या माणसाची चौकशी होत नाही. जुनी बाई."

पाठवलं. हात धुतले. तासाभराने पाहिलं तर एकेचाळीस बदाम.

आणि त्याखाली 'रांध्याहून एक' : "जुनी बाई, तुम्हाला लेक आहे का?"

मी फोन पिठाच्या डब्यात ठेवला. कावेरीने आल्यावर शोधला, पुसला. मग माझ्याकडे बघितलं.

२० जुलै, रविवार

मालतीबाई आली होती, साखरपुड्याच्या साड्या ठरवायला. सोबत कल्पेश. त्याला कावेरीने गच्चीवर नेलं, पापड वाळलेत का बघायला. ढगाळ दिवशी पापड.

मालतीबाई चहा घेता घेता म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही फोनवर गोष्टी वाचता का? एक फार छान चाललीय. आपल्या सिल्वासातलीच."

मी बशी खाली ठेवली.

"मी 'सामरवरणीची मालती' नावाने लिहिते ना तिथे," ती म्हणाली. "त्यातली आत्या, बिचारी! मी तर लिहिलं, तिला परत आणा म्हणून. पळाली तर पळाली, प्रेम केलं, खून तर नाही केला! दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला कळत होतं, आपल्याला कळू नये?"

डोळ्याला पदर लावला हो तिने. मला वाटलं, सांगून टाकावं. जिभेच्या टोकावर आलं होतं. तेवढ्यात पदर खाली घेऊन ती म्हणाली, "पण खरंच, तुमच्याकडे तसलं काही नाही ना? म्हणजे राग मानू नका. आमचे दीर दत्तात्रय जरा कडक आहेत. कुळात काही असलं की ते पानावरून उठतात."

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा.

माणसं फोनवर नदीसारखी मोठी असतात. घरात येताना चपलांबरोबर ते मन पण बाहेर काढून ठेवतात.

२४ जुलै, गुरुवार, अमावस्या

'रांध्याहून एक' रोज तेच विचारते. तीन दिवस झाले, तीच एक ओळ.

"लेखिकाताई, ती जास्तीची मूठ खरी की रचलेली?"

"कृपया सांगा, मूठ खरी की रचलेली?"

"एवढंच सांगा."

हे पोलिसासारखं विचारणं झालं. एवढं कुणाला कशाला हवंय? बाकीचे घोड्या-बुलेटवर भांडतात, हिला माझी मूठ पाहिजे. काल रात्री ताप आल्यासारखं झालं. पुरावा गोळा करतायत आणि साखरपुड्याच्या दिवशी चारचौघांत मांडतील. पोरगी हिरव्या साडीत पाटावर बसलेली आणि वर दत्तात्रय उभा.

आज कावेरीला म्हटलं, "बंद कर ती गोष्ट."

"का?"

"मी सांगते म्हणून. तुझं लग्न होऊ दे, मग लिही रामायण."

"माझ्या लग्नाचा आणि गोष्टीचा काय संबंध, आजी?"

"संबंध नसता तर मी बोलले असते का? चोंबडेपणा करू नको. कुणाच्या मुठीत काय आहे ते लोकांना सांगत फिरू नये."

तशी ती शांतपणे माझ्यासमोर बसली. "आजी, मी दहा वर्षांची असल्यापासून मोजतेय. आबा होते तेव्हा घरात तीन पुरुष, तू चार मुठी टाकायचीस. मी आईला विचारलं, ती म्हणाली देवीची असेल. मग आबा गेले. पुरुष दोन राहिले, तू तीन टाकल्यास. म्हणजे जास्तीची आबांची नव्हती. आणि देवीची असती तर तू लपवून डाव्या हाताने टाकली नसतीस."

पोरगी डिस्पॅचला लागली ते उगाच नाही. एक नग कमी-जास्त झालेला सुटत नाही तिच्या नजरेतून.

"ती कोण आहे, आजी?"

मी उठून देवाजवळ गेले. दिवा लावलेलाच होता. परत लावला.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

सांगितलं.

आज चिरायचं नाही, भाजायचं नाही, तवा चढवायचा नाही. हात रिकामे असले की तोंड सुटतं.

सोनी. वाल्मिकच्या पाठची. आम्ही तेव्हा गावाकडे, शिरपूरच्या अलीकडे. १९९९ साल. टेम्पोवाला दुसऱ्या जातीचा, मधुकर नावाचा, बोलायला गरीब. ती गेली त्या दिवशी आबांनी विहिरीवर तिच्या नावाने आंघोळ केली आणि ओल्या धोतराने घरात येऊन म्हणाले, आपल्याला मुलगाच आहे. पुढे वाल्मिकला इकडे काम लागलं, गाव सुटलं. सिल्वासात कुणाला काही माहीत नाही. शोभा लग्न होऊन आली ती त्यानंतर. तिलाही नाही.

कावेरी म्हणाली, "आणि मूठ?"

मी तिला माझा हिशेब सांगितला, जो आबांनाही सांगितला नव्हता. लेक दिल्या घरी गेली की तिचा रोटावर हक्क नाही, मान्य. पण दिली कुणी? कन्यादान झालं नाही, अक्षता पडल्या नाहीत, तिच्या हातावर पाणी सोडलेलं नाही. आंघोळ केल्याने माणूस मरत असतं तर सगळं गाव रोज मेलं असतं. मग ती कायद्याने माझ्याच घरची. तिच्या वाट्याची मूठ मी टाकत आले आणि तिचा रोट कानबाईच्या पुढ्यात बसून मीच खात आले. देवीने कधी हरकत घेतली नाही.

मला वाटलं पोरगी रडेल. तिने फोन पुढे केला. "मग ही 'रांध्याहून एक' कोण, आजी?"

"मालतीबाईची हेर."

"आजी. हेराला मूठ खरी की खोटी याने काय फरक पडतो?"

मी वाचलं. परत वाचलं. बोट एकेका अक्षरावर ठेवून वाचलं. आज सकाळी तिने प्रश्न विचारला नव्हता. नुसतं लिहिलं होतं :

"माय, कशी शे तू?"

असं मला एकच माणूस विचारायचं. शाळेतून आली की दारातूनच.

इतके दिवस मी भीत होते की कुणीतरी ओळखेल. आता त्याहून वाईट भीती लागलीय. मी तिला मारून टाका म्हणून लिहिलंय. एकेचाळीस जणांनी बदाम दिलेत. तिने ते वाचलंय.

२ ऑगस्ट, शनिवार

रोटाचे गहू घेतले. वाल्मिकच्या नावाने सव्वा मूठ. रोहनच्या नावाने सव्वा मूठ. मग उजव्या हातानेच तिसरी, शोभाच्या समोर.

"आई, ही कुणाची?"

सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. वाल्मिक दारात उभा होता. भिंतीकडे बघून म्हणाला, "उद्या मालतीबाई दर्शनाला येणार आहेत. कावेरीचा विचार केलास का, आई?"

केला. रोज तोच करते. मी कावेरीला बोलावलं आणि तिच्या तोंडावर विचारलं, "तुझं लग्न मोडेल. मी तिला बोलावू की नको? तू नको म्हण, मी बोलावणार नाही. मूठ टाकत राहीन."

कावेरीचा चेहरा पांढरा पडला. कल्पेशचं नाव तिने घेतलं नाही, पण हात फोनवर गेला आणि परत आला. मग म्हणाली, "आजी, सगळे म्हणतात ही भीती मी जुन्या पुस्तकातून उचलून चिकटवली. मला पण बघायचंय, चिकटवलेली आहे का ते."

"हे धाडस नाही, हा आगाऊपणा आहे," मी म्हटलं.

"तुझ्याकडूनच आलाय."

मग मी फोनला बोलले. फोनला दोनदा सांगावं लागलं. "रांध्याहून एक हिला. मूठ खरी आहे. आमच्या घरचा रोट बाहेर जात नाही, खायला यावं लागतं. उद्या दुपारी. कावेरी पत्ता पाठवील. जुनी बाई."

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. पुरण शिजलंय. मालतीबाई बारापर्यंत येतो म्हणाली. पाट मांडले. रांगोळीचा मोर कोंबड्यासारखा झाला. जिन्यावर पाऊल वाजलं की दाराशी जाऊन बघते. वर गुजराती कुटुंब राहतं, त्यांच्याकडे आज पाहुणेच पाहुणे.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी कानबाईला नदीवर पोचवून आले. आता लिहिते.

मालतीबाई आधी आली. नारळ ठेवला, ओटी भरली, पुरणपोळी खायला बसली. कल्पेश तिच्याशेजारी. दोन घास झाले असतील. दारात एक बाई. केस अर्धे पिकलेले, चपला हातात धरलेल्या, जशा देवळाबाहेर धरतात.

सव्वीस वर्षांत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! तोंडातून आलं, "आत ये. दारात उभी राहून वारा काय घेतेस."

ती आत आली. आबांच्या फोटोकडे बघितलं, हात जोडले नाहीत. माझ्या पायांशी वाकायला गेली आणि वाकलीच राहिली. मला तिला उठवता येईना, कंबर धरली होती माझी. शोभाने दोघींना उठवलं.

"या कोण?" मालतीबाई.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाल्मिक सोडून.

"माझी लेक. सोनी. मुलगी नाही म्हणून मी तुम्हाला सांगितलं ते खोटं. एकदा नाही, दोनदा."

"कुठे असतात?"

"रांध्याला," सोनीच बोलली. "अकरा वर्षं. कंपनीत पॅकिंगला आहे. आमचे हे चार वर्षांपूर्वी वारले." मग माझ्याकडे वळून, "तुला बाजारात तीनदा पाहिलं, माय. एकदा तू वांग्यांवरून भांडत होतीस."

मी रोट मोडला. वाल्मिकला दिला, वापीहून आलेल्या रोहनला दिला, आणि सोनीच्या हातावर ठेवला. मालतीबाईच्या घरीही कानबाई असते, तिला सगळं कळतं. ती म्हणाली, "लेकीला रोट?"

"कन्यादान झालेलं नाही. घरचीच आहे."

मालतीबाईने पानाला हात लावून नमस्कार केला आणि उठली. पोळी अर्धी राहिली. कल्पेश उठला नाही. "आई, मी जेवून येतो," म्हणाला. ती जिना उतरताना रेलिंगला धरून उतरली, मी वरून बघत होते. कल्पेशने आपली पोळी संपवली, मग तिची अर्धीही संपवली.

सोनी खोबऱ्यासारखा चावून चावून रोट खात होती. म्हणाली, "माय, तू मला मारून टाका म्हणून लिहिलंस ना?"

"तू आहेस हे कुठे माहीत होतं?"

"मला माहीत होतं तू आहेस. दुसरं कोण असं तोडून लिहील?"

५ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस सामरवरणीहून काही नाही. कावेरी कामावर गेली नाही. काल संध्याकाळी तिने शेवटचा भाग टाकला. त्यात आत्या मरत नाही, घरी येते, रोट खाते. कुणी म्हणतं मुळाचं वाटोळं केलं. कुणी म्हणतं मुळापेक्षा बरं. ती शिकलेली बाई अजूनही पटत नाही म्हणते.

दुपारी 'सामरवरणीची मालती'ची कमेंट आली. चार रडणारे चेहरे. "आत्या घरी आली तिथे फार रडले. पण अशी माणसं गोष्टीतच. खऱ्यात इतकं मन कुणाकडे असतं?"

ही गोष्ट आमचीच हे तिला कळलंय की नाही, देव जाणे. कळल्याशिवाय 'खऱ्यात' लिहील का? की स्वतःलाच विचारतेय?

मी फोन उचलला. कावेरी म्हणाली, "आजी, नको. विचार कर." सोनी परवापासून इथेच आहे, कंपनीत निरोप पाठवलाय.

मी लिहिलं : "विहीणबाई, खऱ्यात आमलीत असतं. दुसरा मजला. तुमची पोळी अर्धी राहिली, ती तुमच्या पोराने खाल्ली. रोट तुम्हाला देता येत नाही, चहा देता येतो. खोटं बोलले ती चूक माझी, पोरीची नाही. केसरबाई."

पाठवलं. खरं नाव घातलं. आता सगळ्या सिल्वासाने वाचावं.

पोरीचं लग्न मी मोडलं की वाचवलं, ते मला सांगता येणार नाही.

साडेचार वाजता कावेरीचा फोन वाजला. कल्पेश. ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "आजी, तो म्हणतो आई मोटारीत जाऊन बसलीय. काका नको म्हणत होते तरी. कुठे जायचंय सांगत नाही, नुसतं चल म्हणते."

"रागात आहे की कशी?"

"त्याला कळत नाही म्हणतो."

सामरवरणीहून आमलीला यायला वेळ तो काय लागतो. मी आधण ठेवलं. सोनीने न विचारता माझ्या कपात मिठाचा खडा टाकला. कप शोभाला काढायला सांगितले. घरात आम्ही चौघी. तिने चार मांडले.

मी म्हटलं, "एक जास्त काढ."